निळीचे सुटे भाग

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांना, काळजी करायला कारण लागत नाही. गच्चीत वाळत घातलेला टॉवेल उडून खालून जाणाऱ्या एखाद्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर बसेल, त्याला दिसायचं नाही, तो नाल्यात जाईल, म्हणून त्यांच्या टॉवेलला चार-चार चिमटे असतात. गॅस बंद केला का हे बघायला ते जिन्यातून परत फिरतात, आणि कुलूप लागलं का हे बघायला फाटकातून. ताईला बघायला आले तेव्हा मी शाळेत होते. पोह्यांची बशी हातात घेण्याआधी त्यांनी वर बघून माझ्या वडिलांना विचारलं होतं, "पंख्याचा हूक पक्का आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची जराशी सरकवून घेतली होती. वडील म्हणाले, मुलगा जबाबदार आहे. मी म्हटलं, मुलगा भित्रा आहे. चाळीस वर्षं होत आली, आम्हा दोघांचाही मुद्दा अजून खोटा ठरलेला नाही.

त्यांचं नाव शरदचंद्र महिदपूरकर. सगळी नोकरी इंदूरच्या सियागंजातल्या एका बँकेच्या शाखेत गेली. आता लोकमान्य नगरात स्वतःचं छोटं घर, ताई, म्हणजे प्रमोदिनी, आणि अगदी आत्ताआत्तापर्यंत एक निळी गाडी. गाडीचं नाव सांगत नाही. कंपनी युरोपातली. काही वर्षं इथे गाड्या विकल्या आणि मग बाडबिस्तरा गुंडाळून निघून गेली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मला तर त्या गाडीबद्दल वाईट बोलायचंच नाही. आमच्या घरात तिला सगळे निळीच म्हणायचे.

निळी का आली ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी भाऊजींचा धाकटा भाऊ गजानन मानपूरच्या पुढच्या घाटात गेला. मित्राच्या छोट्या गाडीतून महेश्वरला निघाला होता, आणि उतारावर मागून एक ट्रक ब्रेक सुटून आला. ओळख पटवायला भाऊजींनाच जावं लागलं. तिथून आले, अंघोळ केली, आणि ताईला एवढंच म्हणाले, "पत्रा कागदासारखा झाला होता गं." रडले नाहीत. त्यानंतर कित्येक महिने ते रस्त्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीजवळ थांबायचे आणि बोटाने तिचा दरवाजा वाजवून बघायचे. दोनदा लोकांनी हटकलंसुद्धा.

मग गुढीपाडव्याला निळी आली. शोरूममधला पोरगा गाणी कशी वाजतात ते दाखवत होता आणि भाऊजी एकेक दरवाजा उघडून बंद करत होते. चारही दरवाजे, मग डिकी, मग पुन्हा चारही दरवाजे. "प्रमोदिनी, ऐक," ते म्हणाले, "हा बंद होतो. बाकीच्यांचा आपटतो." तेवढ्यावर सौदा झाला. मायलेज काय हे त्यांनी विचारलंच नाही, आणि इंदूरसारख्या गावात, जिथे माणूस कचोरीसुद्धा वजन करून घेतो, तिथे कॉलनीभर त्याची चर्चा झाली.

गाडी होती मात्र खानदानी. लांबलचक, जड, रस्त्याला धरून चालणारी. मागच्या सीटवर तीन माणसं बसली तरी कुणाचं ढोपर कुणाला लागत नसे, आणि डिकीत आमच्या दोन्ही घरांचं सामान मावायचं. फक्त तिच्या सवयी विलायती. आपल्याकडच्या गाड्यांना वळायचा दिवा लावायची दांडी उजवीकडे असते, निळीची डावीकडे, आणि उजवीकडे वायपरची. मागे घ्यायची तर गिअरच्या दांड्याखालची एक गोल कडी बोटांनी वर ओढावी लागायची. भाची शमिका तिच्यावरच गाडी शिकली, त्यामुळे तिला काही वाटायचं नाही. पण तिचा नवरा अभिराम लग्नानंतर पहिल्यांदा ती घेऊन निघाला आणि राजवाड्याच्या गर्दीत, भर उन्हात, प्रत्येक वळणाला काच धूत गेला. त्यानंतर त्या बिचाऱ्याने निळीला हात लावला नाही.

माझ्याकडे एक छोटी गाडी आहे. विजय नगरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या पार्किंगमध्ये मावते, शाळेत शिकवायला जायला पुरते. भाऊजी तिला पत्र्याचा डबा म्हणतात आणि तिच्यात कधी बसत नाहीत. त्यांना एकदा चक्कर आली होती तेव्हाही, दवाखान्यात नेते म्हटलं, तर म्हणाले, "रिक्षा बुलव." रिक्षाचा पत्रा काय लोखंडी खांबाचा असतो का, हे मी त्यांना विचारलं. तरी बसले रिक्षातच.

निळीत बसायचे नियम होते. पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीसुद्धा. आणि हे सरकारने सांगायच्या कितीतरी आधीपासून. गाडी चालू करण्याआधी सगळ्यांचे मोबाइल बंद करून समोरच्या कप्प्यात ठेवायचे. फोन वाजला की चालवणाऱ्याचं लक्ष जातं, आणि चालवणाऱ्याचं नाही गेलं तरी बाजूचा "कोण आहे?" विचारतो, असं त्यांचं म्हणणं. आणि महेश्वरला जाताना घाट उतरायच्या आधी थांबायचं. माथ्यावर चहाची एक टपरी आहे आणि शेजारी शेंदूर फासलेला गणपती. तिथे गाडी उभी करून भाऊजी सतरंजी पसरायचे, सेव-परमलची, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांची, पिशवी काढायचे, थर्मासातला चहा व्हायचा, आणि ते उठायचं नावच घ्यायचे नाहीत. "ब्रेक थंडे होऊ द्या," म्हणायचे. अहो, ब्रेक तापायला आधी उतरावं तरी लागतं! शमिका तेव्हा कॉलेजात होती. येणारे-जाणारे बघतात म्हणून तिला लाज वाटायची, ती तोंड फिरवून बसायची. ब्रेक नव्हे, त्यांचा स्वतःचा जीव थंड व्हायला तेवढा वेळ लागतो हे मला कळायचं. गजानन त्याच उतारावर गेला होता.

मग एक दिवस पेपरात आलं की कंपनी चालली. भाऊजी नाश्ता करत होते. जिलबी ताटलीत तशीच राहिली. इंदूरच्या माणसाने रविवार सकाळची जिलबी टाकून उठावं म्हणजे घरात काहीतरी मोठं झालं असं समजावं. "आता पार्ट कुठून येणार?" ते दिवसभर एवढंच म्हणत होते. आपली गाडी तर चालतेय ना, मी म्हटलं. "आज चालतेय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुटे भाग जमवायला सुरुवात केली. कंपनीचे डिपो बंद व्हायच्या आत, कुठे भोपाळहून, कुठे पुण्याहून शमिकाकरवी, मिळेल ते आणलं. दिवे, आरसे, पट्टे, फिल्टर, ब्रेकचे पाइप, दरवाज्यांची रबरं. गच्चीत पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली आहे, तिथे ताईचे पापड-कुरडयांचे डबे असायचे. डबे खाली आले, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि वर निळीचा संसार मांडला गेला. प्रत्येक वस्तू ताईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, मध्ये डांबराच्या गोळ्या, वर कडुलिंबाचा पाला. ताई म्हणायची, "माझ्या पैठणीला इतकं जपलं नाही ह्यांनी." दसऱ्याला त्या गाठोड्यांवर हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल पडायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे मी ऐकून होते. हा ताक साठवून ठेवणारा पहिलाच.

पण थट्टा बाजूला ठेवून सांगते, त्या खोलीतून खाली आल्यावर त्यांचा चेहरा निवांत असायचा. दुसरीकडे कुठेच नसायचा. बँकेतला माणूस शेवटी. ठेवलेली वस्तू वाढते, आणि वाढली नाही तरी निदान तेवढीच राहते, हे त्यांच्या रक्तात होतं. ती कमी होते हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आणि मी, तेहतीस वर्षं पोरांना शिकवणारी बाई, माझ्याही डोक्यात ते आलं नाही.

यंदाच्या जानेवारीत ताईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यासाठी शमिका, अभिराम आणि त्यांची सहा वर्षांची आर्या पुण्याहून आले. पाडव्याला निळीला पंधरा वर्षं पुरी होणार होती. पुन्हा पासिंग करायचं की देऊन टाकायची, याचा निर्णय भाऊजी वर्षभर पुढे ढकलत होते. शमिका म्हणाली, "बाबा, एकदा निळीतून महेश्वर करून येऊ. आर्याला दाखवायचंय. मग तुम्ही काय ते ठरवा."

"मी चालवतो," भाऊजी लगेच म्हणाले.

"आणि आईच्या डोळ्यात थेंब कोण घालणार?"

हा त्यांना पेच होता. थेंबांचं काम त्यांनी कुणालाही करू दिलं नव्हतं, मलासुद्धा नाही. मी म्हणे हात धुते पण कोपरापर्यंत धूत नाही. दोन रात्री ते घरात फेऱ्या घालत होते असं ताईने मला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निळी घेऊन बंटीच्या गॅरेजवर गेले, आणि योगायोगाने मीही तेव्हा सोबत होते. बंटी त्यांच्या ओळखीचा, निळीची सगळी देखभाल तोच करायचा. त्याने गाडी वर उचलून बघितली. "अंकल जी, आगे के ब्रेक पाइप पुराने हो गए हैं। चल तो जाएंगे, पर घाट जा रहे हो तो बदल देता। माल मिलना मुश्किल है, दो-चार दिन लगेंगे।"

भाऊजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतक्या वर्षांच्या साठवणीला अखेर काम आलं होतं. ते घरी जाऊन गाठोडं घेऊन आले. बंटीने साडी सोडली, पुठ्ठ्याचा डबा बघितला, कंपनीचा शिक्का बघितला. "क्या बात है अंकल जी! नया का नया! आपके घर तो पूरा शोरूम है।" पाइप लागले, गाडी चक्कर मारून आली, ब्रेक छान लागले. परत येताना भाऊजी शीळ घालत होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं, आणि ऐकवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी निघाली. शमिका चालवायला, अभिराम शेजारी, आर्या मागे. भाऊजींनी स्वतः तिघांचे पट्टे ओढून बघितले. मोबाइल बंद करवून कप्प्यात ठेवले आणि कप्पा थोपटला. "राऊला पोहे खाऊन घ्या, उपाशीपोटी घाट नको. आणि साठच्या वर नको, शमे."

"हाओ बाबा. टेन्शन नका घेऊ ना इतका."

दरवाजा बंद झाला, आपटला नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी ते फाटकात उभे होते. मी ताईजवळ बसायला आले होते. म्हटलं, "भाऊजी, या आता आत. तुमच्या बघण्याने गाडी चालत नाही."

ताईला थेंब घातले, चहा झाला, पेपर वाचून झाला, पण त्यांचा पाय ठरेना. मग ते गच्चीत गेले आणि उरलेलं एक गाठोडं घेऊन खाली ओट्यावर आले. मला दाखवायचं होतं. इतकी वर्षं मी त्या खोलीची टवाळी केली होती, आज ते जिंकले होते. त्यांनी ताईची ती बारीक फुलांची साडी उलगडली. "हे बघ. मागच्या चाकांचे पाइप. पुढचे काल लागले ना, त्याच दिवशी आणलेले, एकाच डब्यातले. बंटी बोलला मागचे अजून चालतील. बघ, रबर कसं आहे. असा माल आता बनतच नाही."

आणि ते रबर किती लवचिक आहे हे दाखवायला त्यांनी पाइप दोन्ही हातांनी वाकवला.

आवाज झाला नाही. पाइपच्या पाठीवर, वाकवला तिथे, भेगा उघडल्या. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाला पडतात तशा. त्यांनी सरळ केला, भेगा मिटल्या आणि पाइप पुन्हा नवाकोरा दिसायला लागला. त्यांनी पुन्हा वाकवला. बोटांना काळी भुकटी लागली.

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हणणार होते, बघा, डांबराच्या गोळ्यांनी काही होत नाही. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पूर्णिमा," ते म्हणाले, "एकाच डब्यातले आहेत."

इंदूरचे दहा-बारा उन्हाळे ते पाइप तापत्या पत्र्याखाली पडून होते. आणि त्यांचेच दोन भाऊ ह्या क्षणी निळीच्या पुढच्या चाकांना होते, आणि निळी घाटाकडे चालली होती.

त्यांनी शमिकाला फोन लावला. बंद. अभिरामला लावला. बंद. अर्थातच बंद. त्यांनीच बंद करवले होते. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला, जणू बंद फोनला दया येईल. मी तोवर ११२ लावला. पलीकडच्या बाईने गाडीचा नंबर घेतला, रंग विचारला, "बोलते हैं आगे" म्हणाली. ती बिचारी आणखी काय करणार. घाटावरच्या चहावाल्याचा नंबर कुणाजवळ असतो?

आतून ताई म्हणाली, "जा तुम्ही दोघं. मी डोळ्याला हात लावत नाही. जा!" तिने सगळं ऐकलं होतं.

भाऊजी माझ्या गाडीत बसले. पत्र्याच्या डब्यात. दरवाजा आपटून बंद केला आणि पट्टा लावायला विसरले. गाडी टुंग टुंग करत होती तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या अंगावरून हात घालून पट्टा लावला. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. तोपर्यंत मी मनात म्हणत होते, काही होत नाही, भाऊजींची नेहमीची काळजी. पण हा माणूस पट्टा विसरला होता.

राऊपर्यंत सिग्नल आणि ट्रॅक्टर. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. "पोहे खायला थांबले असतील," मी म्हणाले. ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे बघत होते. निळ्या रंगाचं काहीही दिसलं, ताडपत्री, पाण्याचं पिंप, की पुढे वाकायचे. पोह्याच्या दुकानासमोर निळी नव्हती.

"मीच दिले," ते म्हणाले. "बंटी बोलला होता दोन-चार दिवस थांबा. जुने होते ते चालले असते गं. चालत होते ते काढायला लावले मी."

"भाऊजी, गप बसा. मला चालवू द्या."

"माझ्या हाताने दिले."

महूच्या फाट्यापुढे समोरून एक अॅम्ब्युलन्स सायरन वाजवत आली आणि इंदूरकडे गेली. भाऊजींनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मग डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि गाडी आणखी दामटली. टोल नाक्यावर मी विचारलं, निळी लांब गाडी गेली का. तो हसला. मॅडम, इथून किती निळ्या गाड्या जातात.

मानपूर सोडलं आणि ट्रकांची रांग लागली. उभी. इंजिनं बंद. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत होते. घाटाच्या अलीकडे रांग उभी असली की त्याचा अर्थ त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी काच खाली केली आणि एका ड्रायव्हरला विचारलं, "भैया, क्या हुआ आगे?"

"पता नहीं दीदी। कुछ हुआ है नीचे। गाड़ी पलटी बोल रहे हैं।"

"कौन सी गाड़ी?"

त्याने खांदे उडवले. मी वळून बघते तर शेजारची सीट रिकामी. भाऊजी दरवाजा उघडा टाकून रस्त्याच्या कडेने धावत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायांत घरातल्या सपाता, शर्टाची टोकं बाहेर. मी गाडी मातीत उतरवून तशीच सोडली आणि त्यांच्यामागे निघाले. मला धावता येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. ट्रकांच्या मधून त्यांचा पांढरा शर्ट दिसायचा, लपायचा. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यात विनवणी कमी आणि दमदाटी जास्त होती.

रांग पुढे वळली आणि मला आधी टपरी दिसली, मग शेंदरी गणपती. मग निळी.

झाडाखाली उभी होती. शेजारी सतरंजी. सतरंजीवर शमिका सेव-परमलची पिशवी गुंडाळत होती, अभिराम थर्मास बंद करत होता आणि आर्या चपला घालत होती. निघायच्याच बेतात होते. खाली कांद्याचा ट्रक कलंडला होता म्हणे, रस्ता मोकळा होत आला होता.

"बाबा?" शमिका उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही इथे कसे? आईला काय झालं?"

भाऊजींनी हातानेच थांब म्हटलं आणि तिच्या बाजूने तसेच पुढे गेले. निळीचा दरवाजा उघडून आत बसले आणि ब्रेकवर पाय दिला. मी खिडकीशी पोचले होते, मला दिसलं. पेडल पायाखाली जायला लागलं आणि जातच राहिलं, पार खालपर्यंत. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला. पुन्हा तेच. अभिरामने वाकून बघितलं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलं होतं आणि खालची माती काळी झाली होती.

पलीकडे पहिला ट्रक सुरू झाला आणि घाट उतरायला लागला.

भाऊजी गाडीतून उतरले. "शमे," त्यांनी विचारलं, "तू इथे का थांबलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आपण थांबतोच ना इथे, बाबा."

ते तिथेच, मातीत, निळीच्या चाकाला टेकून बसले आणि रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे, येणारे-जाणारे बघत असताना. गजाननच्या वेळचंही तेव्हाच रडले असावेत. शमिका त्यांच्याजवळ बसली. ह्या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. आर्याने जरा वेळ वाट बघितली आणि मग पिशवी सोडून मूठभर सेव-परमल त्यांच्यापुढे धरलं.

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. पाइप कुठून आले, कोणी दिले, का दिले. अभिराम म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, काही झालं नाही ना, बस." भाऊजी म्हणाले, "झालं नाही म्हणून चूक नव्हती असं नाही होत." निळीला क्रेनने उचलून बंटीकडे आणलं. आम्ही पाचजण पत्र्याच्या डब्यात कोंबून परत आलो आणि ताईच्या थेंबांची वेळ टळली होती, त्यावरून भाऊजी तिची तीन-तीनदा माफी मागत होते.

निळी पाडव्याच्या आतच गेली. घ्यायला भंगारवाला आला तेव्हा भाऊजी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत. दरवाजा बंद झाल्याचा आवाज मात्र त्यांनी ऐकला असणार, घर तेवढंच आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर ते गच्चीत उन्हात बसले होते. भोवती ताईच्या साड्या पसरलेल्या. आरसे, दिवे, जे काचेचं आणि लोखंडाचं होतं ते एका खोक्यात भरलेलं. तशीच गाडी असलेला कुणीतरी माणूस त्यांनी नागपुरात शोधून काढला होता, त्याला पाठवायचं होतं. आणि जे रबराचं होतं, पाइप, पट्टे, दरवाज्यांच्या कडा, ते सगळं ते पत्रा कापायच्या कात्रीने कापत होते. बोटाएवढे तुकडे. हाताला फोड आले होते.

"अहो, कचऱ्याच्या गाडीत टाकून द्या ना तसंच," मी म्हटलं. "इतकं काय बारीक करायचं?"

"कुणी उचलून लावलं तर?" ते म्हणाले.

मी बाजूला बसले. ते कापत राहिले, मी तुकडे पोत्यात भरत राहिले. पोतं भरत आलं तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि कठड्यावरून खाली, फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या डब्याकडे बघितलं.

"पूर्णिमा," ते म्हणाले, "तुझ्या गाडीचे ब्रेक पाइप कधी बदलले आहेत का गं?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी घेतली आणि गाडी बंटीला दाखवून आणली.